दोन शाया एकत्र केल्या की बाटलीत नेमकं काय होतं

पिकून काळपट झालेलं जांभूळ खाल्ल्यावर जिभेला आणि बोटांना जो रंग लागतो ना, तो मला माझ्या फाउंटन पेनात हवा होता. जांभळ्या शाया बाजारात भरपूर आहेत, पण काही फार गुलाबी, काही फार निळ्या, आणि एखादी बरोबर वाटली तर ती परदेशातून मागवायची, किंमत बघून विचार सोडून द्यावा अशी. घरात निळी होती, लाल होती, थोडी काळी होती, म्हटलं मिसळून बघू. मिसळली, रंग खरंच सुंदर आला, पेनात भरून एक पानभर लिहिलंसुद्धा, आणि तिसऱ्या दिवशी पेन लिहायचंच थांबलं. उघडून बघितलं तर निबच्या खाली तो काळा खाचांचा भाग असतो, ज्याला फीड म्हणतात, त्याच्या खाचांत जेलीसारखा गाळ, आणि बाटलीत उरलेल्या शाईच्या तळाशी तसाच थर. लिंबू पिळल्यावर दूध नासतं तशी शाई नासली होती. शाया वेगवेगळ्या कंपन्यांच्या, सगळ्या आपापल्या जागी चांगल्या.

त्यानंतर मी हे सगळं नीट समजून घेतलं, आणि आता कोणी विचारलं की पहिलं हेच सांगते, रंग जुळवणं हा यातला सोपा भाग आहे. चित्रकलेच्या तासाला जेवढं शिकलो तेवढं पुरतं. खरा प्रश्न असा की या दोन शाया एकमेकींसोबत राहू शकतात का, आणि तो प्रश्न रसायनाचा आहे.

आधी शाईत असतं काय ते बघू. बहुतांश पाणीच. त्यात रंग, म्हणजे डाय, जो साखरेसारखा पूर्ण विरघळलेला असतो. मग पाण्याचा ताण कमी करणारं काहीतरी, साबणाच्या जातीचं. हे का लागतं ते कळायला अळूचं पान आठवा, पाण्याचा थेंब त्यावर मण्यासारखा गोल उभा राहतो, पसरतच नाही, तेच साबणाचं पाणी टाकलं तर पसरतं. शाई कागदावर आणि फीडच्या बारीक खाचांत नीट पसरावी म्हणून हा पदार्थ, पण तो जास्त झाला तर शाई कागदात पसरून अक्षराला मिशा फुटतात, कमी झाला तर पेन कोरडं चालतं. शिवाय निबवर शाई पटकन वाळू नये म्हणून ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनसारखं काही, बुरशी लागू नये म्हणून एक संरक्षक औषध, आणि आम्लता ठरावीक ठेवणारं काहीतरी. म्हणजे प्रत्येक बाटली हा कंपनीने जमवून आणलेला एक तोल असतो, आणि आपण दोन बाटल्या एकत्र करतो तेव्हा नुसते दोन रंग एकत्र येत नाहीत, दोन तोल एकमेकांत मिसळतात.

आणि हा तोल बिघडलेला फाउंटन पेनला अजिबात चालत नाही. बॉलपेनमध्ये घट्ट शाई असते, गोळी फिरते आणि ती ओढते. फाउंटन पेनमध्ये ओढणारं काही नाही, निबची चीर आणि फीडच्या केसासारख्या बारीक खाचा, त्यातून शाई दिव्याच्या वातीत तेल चढतं त्याच तत्त्वाने येते, आणि जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा उलट्या वाटेने आत जाते. त्या खाचेत डोळ्याला दिसणार नाही एवढा कण अडकला तरी पेन रुसतं. टाकाने किंवा बोरूने लिहिणाऱ्याला ही भीती नव्हती, बुडवा आणि लिहा, गाळ असला तर पुसून टाका. म्हणून मोडी कागदांवरची ती जुनी काळीभोर शाई, काजळी आणि डिंकाची, बोरूसाठी उत्तम आणि फाउंटन पेनसाठी विष. आजही चित्रकलेच्या दुकानात जी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मिळते ती पेनात कधीही भरू नका, मिसळायचं तर सोडाच.

आता शाया नासतात कशा. याची दोन-तीन मोठी कारणं आहेत आणि गंमत म्हणजे सगळी आपल्या घरात रोज दिसतात.

पहिलं आम्ल आणि अल्कली. पांढऱ्या शर्टावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लालभडक होतो, हे बघितलंय ना? हळद तीच, डाग तोच, फक्त साबणाने जागा अल्कलीची झाली आणि रंगाच्या रेणूने रूप बदललं. शाईतल्या कितीतरी रंगांचं असंच असतं, ते ठरावीक आम्लतेतच आपला रंग आणि आपलं विरघळलेपण टिकवतात. शाळकरी मुलांसाठीची जी धुऊन जाणारी निळी शाई असते, वॉशेबल ब्लू किंवा रॉयल ब्लू, तिच्यातला रंग अल्कलीत गेला की चक्क दिसेनासा होतो. जर्मनीत शाळेतल्या मुलांकडे शाई पुसायचं पेन असतं, ते याच गुणावर चालतं, कागदावरची निळी शाई खरवडून काढत नाही, तिचा रंग घालवतं, शाई तिथेच असते पण दिसत नाही. आता अशी निळी तुम्ही एखाद्या अल्कलीकडे झुकणाऱ्या लाल शाईत मिसळली तर आज झकास जांभळा दिसेल आणि हळूहळू तो गुलाबी होत जाईल, कारण निळा निघून चाललाय. उलट बाजूने, लाल शायांमध्ये इओसिन नावाचा रंग बऱ्याचदा वापरलेला असतो, आणि इओसिनला आम्ल सोसत नाही, आम्लात तो विरघळलेला राहूच शकत नाही, बाहेर पडून तळाशी बसतो. म्हणजे लाल अधिक निळी बरोबर जांभळी हे रंगाच्या गणितात बरोबर असलं तरी आम्लतेच्या गणितात साफ चुकू शकतं. माझ्या त्या पहिल्या बाटलीत बहुतेक हेच झालं असावं.

दुसरं कारण विद्युतभार. शब्द जड आहे पण गोष्ट साधी आहे. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, बादलीत वर पांढरी चिकट साय येते, ती का? साबणाच्या कणावर ऋण भार असतो, जड पाण्यातल्या कॅल्शियमवर धन भार, दोघं एकमेकांना चिकटतात आणि जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही. शाईचे बहुतेक रंग ऋण भाराचे असतात, पण सगळे नाही. तोंड आल्यावर लावायचं ते जांभळं औषध, जेन्शियन व्हायोलेट, तो धन भाराचा रंग आहे. काही जण रंग गडद करायला त्याचे दोन थेंब शाईत टाकतात आणि मग गाळ का झाला म्हणून विचारतात. गाळ याच्यामुळे. खाण्याचे रंग टाकणारेही आहेत, त्यात भारांचं भांडण बहुधा होत नाही कारण ते बहुतेक ऋण भाराचेच असतात, पण ते खाण्यासाठी केलेत, लिहिण्यासाठी नाही, निबवर वाळू नये किंवा पेनात बुरशी येऊ नये याचा विचार त्यात कोणी केलेला नाही. माझ्या मते पेनात जाणाऱ्या गोष्टीत पेनाच्या शाईखेरीज फक्त शुद्ध पाणी जावं, बाकी काही नाही.

तिसरी गोष्ट लोखंडाची, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे म्हणून जरा लांबवते. निळी-काळी शाई, ब्लू-ब्लॅक, आजोबांच्या पिढीत ऑफिसात सगळीकडे हीच असायची. तिला निळी-काळी का म्हणतात? कारण खरी जुन्या पद्धतीची शाई लिहिताना निळी दिसते आणि नंतर काळी होते. लोखंडी कढईत आवळ्याची पूड भिजत घातली की सकाळी काळीकुट्ट होते, केसांना लावायला आपण मुद्दाम तसं करतो, तेच हे. आवळा, हिरडा, सुपारी, चहा यांच्यात जो तुरटपणा आहे तो टॅनिनचा, आणि टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग तयार होतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस वापरून काळा रंग आणि शाई करत, युरोपात हिरड्याच्या जागी ओकच्या झाडावरचं मायफळ. हिराकसातलं लोह आम्ल पाण्यात विरघळलेलं असतं, फिकट असतं, कागदावर आलं की हवेतला ऑक्सिजन लागून त्याचं रूप बदलतं, ते टॅनिनशी मिळून काळं होतं आणि कागदाच्या तंतूंतच पक्कं बसतं, पाण्याने निघत नाही. पण हे सगळं व्हायला वेळ लागतो, आणि लिहिताना अक्षर दिसायला तर पाहिजे, म्हणून त्यात तात्पुरता निळा रंग घातलेला. निळा हळूहळू उडतो, काळा राहतो. पेलिकन कंपनीची ४००१ ब्लू-ब्लॅक आणि प्लॅटिनम कंपनीची ब्लू-ब्लॅक या शाया अजूनही अशाच लोहाच्या आहेत.

हे इतकं सुंदर काम चालतं ते शाई आम्ल असते म्हणून. तिच्यात अल्कलीकडची शाई ओतली, नव्हे नुसतं नळाचं पाणी जास्त झालं, तरी ते लोह बाटलीतच बाहेर पडायला लागतं, कागदावर व्हायचं ते बाटलीत होतं. म्हणून माझा सरळ नियम, लोहाची शाई एकटीच वापरायची. तसंच पिगमेंट शायांचं, म्हणजे ज्यात रंग विरघळलेला नसतो, गेरू पाण्यात कालवल्यावर असतो तसा कणांच्या रूपात तरंगत असतो, फक्त फार म्हणजे फार बारीक. गेरू थोड्या वेळात तळाशी बसतो, या शाया बसत नाहीत कारण कंपनीने ते कण एकमेकांपासून लांब राहतील अशी सोय केलेली असते, आणि दुसरी शाई आली की ती सोय मोडू शकते. चमकीच्या शायाही मिश्रणात नकोत.

मग मिसळायचं काय? एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेतल्या, साध्या डायच्या शाया. बास. एका मालिकेच्या शायांचं पाणी, औषध, आम्लता साधारण सारखी असायची शक्यता खूप जास्त, रंगच काय तो वेगळा. साधारण म्हटलं कारण एकाच कंपनीची निळी-काळी लोहाची आणि बाकी साध्या, असंही असतं, वर पेलिकनचं उदाहरण आलंच. काही कंपन्या तर मुद्दाम मिसळण्यासाठीच शाया काढतात, जपानच्या प्लॅटिनमची मिक्स फ्री नावाची मालिका आहे, नऊ रंग आणि वर रंग फिका करायचा वेगळा द्रव. जर्मनीच्या दे आत्रामेंटिसच्या डॉक्युमेंट शायासुद्धा आपापसात मिसळता येतात, त्या वाळल्यावर पाण्याने जात नाहीत. पण सुरुवात करायला एवढ्या लांब जायची गरज नाही, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतून एकाच कंपनीच्या निळी, लाल, काळी, हिरवी अशा साध्या बाटल्या आणल्या तरी शिकायला पुष्कळ होतं.

घरी शाई कालवणं आपल्याकडे तसं जुनंच आहे हेही सांगते. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत जो उद्योग सुरू केला, जो पुढे कॅम्लिन झाला, त्याची सुरुवात घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून झाली, म्हणजे पुडी आणायची, पाण्यात विरघळवायची, दौतीत भरायची. कॅमल शाई त्यानंतर आली. पण त्या पुडीत रंग एकाच ठिकाणी बनलेला, घरात फक्त पाणी मिसळायचं, त्यामुळे भांडायला दुसरं कोणी नव्हतं.

आता रंगाकडे. शाईचा रंग पारदर्शक असतो, रंगीत काचेसारखा. पांढऱ्या कागदावरून जो उजेड परत येतो त्यातला काही भाग तो गिळतो. निळ्या शाईने एक भाग गिळला, पिवळ्या शाईने दुसरा, उरला तो हिरवा. म्हणजे प्रत्येक नवीन शाई टाकली की उजेड कमीच होणार, वाढणार कधीच नाही. म्हणून तीनपेक्षा जास्त रंग एकत्र केले की जवळपास नेहमी मातकट काहीतरी तयार होतं आणि तिथून परत यायचा रस्ता नसतो, अजून टाकलं की अजून मातकट. दुसरं, रंगांची ताकद सारखी नसते. पिवळा फार अशक्त, निळा आणि काळा दांडगे. हिरवा करायचाय तर निळ्यात पिवळा टाकत बसू नका, बाटली भरेल तरी निळाच दिसेल, पिवळा घ्या आणि त्यात निळ्याचा एक एक थेंब टाका. फिक्यात गडद, कायम. आणि गडद करायला लगेच काळ्याकडे धावू नका, काळ्याने रंग मेल्यासारखा होतो, त्याऐवजी रंगचक्रात समोर येणारा रंग वापरून बघा, लालात थेंबभर हिरवा, निळ्यात थेंबभर केशरी, रंग खोल होतो पण जिवंत राहतो.

एक छोटा प्रयोग जरूर करा. शाळेचा पांढरा खडू घ्या, खालून बोटभर उंचीवर शाईची एक रेघ गोल फिरवा, आणि खडू ताटलीत अगदी थोड्या पाण्यात उभा करा, पाणी रेघेच्या खाली राहिलं पाहिजे. पाणी वर चढतं आणि जाताना शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर सोडत जातं. साध्या काळ्या शाईतून जांभळा, पिवळा, निळा असे पट्टे निघालेले मी बघितलेत. काळा टाकल्यावर आपला रंग भलतीकडे का वळला याचं उत्तर या खडूवर मिळतं, कारण तुम्ही एक रंग टाकलाच नव्हता, तीन टाकले होते.

कृती तशी कमी सामानाची आहे. मेडिकलमधून १ आणि २ मिलीच्या सिरिंज, सुया काढून टाकायच्या. औषधाच्या छोट्या काचेच्या बाटल्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेल्या. थेंबांनी मोजायचं असेल तर साधारण २० थेंबांचा १ मिली होतो, पण ड्रॉपर बदलला की थेंबाचा आकार बदलतो, म्हणून सगळ्या शायांना एकाच मापाचे ड्रॉपर वापरा, आणि प्रत्येक शाईला आपापला, नाहीतर मूळ बाटलीत दुसऱ्या शाईचा थेंब जाऊन ती बाटली बिघडायची. मिश्रण परत मूळ बाटलीत ओतणं तर कधीच नाही. पहिल्यांदा १ मिलीच्या वर करू नका. आणि वही, वहीशिवाय हे काम करूच नये असं माझं मत आहे. किती थेंब कशाचे, तारीख, कागद कुठला, आणि शेजारी त्याच शाईची एक ओळ टाकाने किंवा काचेच्या पेनाने लिहिलेली. रंग ओला असताना ठरवू नका, वाळल्यावर तो वेगळा दिसतो, दहा मिनिटं थांबा, आणि तुम्ही खरोखर ज्या कागदावर लिहिता त्यावर बघा.

मग थांबायचं, आणि इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. मी आता कुठलंही नवीन मिश्रण किमान एक आठवडा नुसतं ठेवते. रोज बाटली हलकेच तिरपी करून खिडकीपाशी उजेडात तळ बघायचा, काचेला कण चिकटलेत का, वर तवंग आहे का, रंग बदललाय का. शंका आली तर एक थेंब टिश्यूवर टाका, शाई पसरेल आणि गाळ असेल तर मध्ये ठिपक्यासारखा बसेल. सगळं स्वच्छ असेल तरीसुद्धा पहिल्यांदा स्वस्त, पूर्ण उघडता येणाऱ्या पेनात भरा, आणि पारदर्शक असेल तर फारच छान, आतलं दिसतं. आजोबांचं किंवा महागडं पेन या कामाला नको. आणि बँकेचे चेक, कोर्टाचे कागद यावर आपली मिश्रणं वापरू नका, कारण मूळ शाई पाण्यात टिकणारी होती म्हणून मिश्रणही टिकेल असं नसतं.

पाण्याचं एक राहिलंच. रंग फिका करायला पाणी चालतं, बऱ्याच गडद शाया अर्ध्यास अर्ध पाण्यातही छान लिहितात, पण ते पाणी डिस्टिल्ड हवं, नळाचं नाही, बोअरचं तर नाहीच, कारण वर सांगितलं ते कॅल्शियम. आणि पाणी घातलं की बुरशी रोखणारं औषधही तेवढंच पातळ होतं हे लक्षात ठेवा. पावसाळ्यात, खासकरून कोकणात किंवा मुंबईत, पातळ केलेली शाई महिनोन्महिने ठेवलीत तर आत पांढरे धागे दिसू शकतात, कुबट वास येऊ शकतो. अशी शाई गाळून वापरायचा मोह होतो, नका करू, टाकून द्या, बाटली आणि ती ज्या पेनात गेली ते पेन नीट धुवा, नाहीतर तीच बुरशी पुढच्या चांगल्या बाटलीत जाते. म्हणून पातळ मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करावं.

माझ्या जांभळाचं काय झालं ते सांगते. एकाच मालिकेतल्या तीन बाटल्या घेतल्या, निळी १०, लाल ४, काळी १ थेंब, हे चौथ्या प्रयत्नात जमलं. पहिल्या तिनांत काळी जास्त होत होती. आठवडा ठेवली, तळ स्वच्छ राहिला, आता तीन महिने एका पारदर्शक पेनात आहे आणि गाळ नाही. पेनात बरेच दिवस राहिली की पाणी उडून जरा गडद होते, म्हणून मी अर्धंच पेन भरते. या शाईने लिहिलेली एक पट्टी मी खिडकीत चिकटवली होती, अर्धी पुठ्ठ्याने झाकून. महिन्याने पुठ्ठा काढला तर झाकलेली बाजू जांभळासारखीच होती आणि उघडी बाजू निळसर झालेली, लाल आधी उडाला होता. म्हणून ही शाई वहीत, जिथे पान मिटलेलं राहतं तिथेच, आणि भिंतीवर लावायचं काही असेल तर दुसरी.